वृद्धाश्रमात ‘हालचाल नाही’चा खोटा इशारा आणि मुका पडलेला सेन्सर: कोणत्या क्रमाने काय तपासायचं

विदर्भातल्या गावाकडच्या वृद्धाश्रमांत खोलीखोलीत हालचाल टिपणारे सेन्सर बसवले जात आहेत. रचना बहुतेक ठिकाणी सारखीच असते. भिंतीवर बॅटरीवर चालणारा छोटा पीआयआर सेन्सर (अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा), कार्यालयात गेटवे (सेन्सरांचे संदेश गोळा करून पुढे धाडणारा डबा) आणि राउटर, आणि ठरलेल्या वेळात खोलीत हालचाल दिसली नाही की मदतनिसाच्या फोनवर इशारा. बिघाडही फिरून फिरून तेच येतात. त्यातले बरेचसे सेन्सरचे नसतातच. ते लाईनचे, उन्हाचे आणि चुकीच्या जागेचे असतात. म्हणून नवा सेन्सर मागवण्याआधी खालच्या क्रमाने जा. सुरुवातीच्या तपासण्या फुकटच्या आहेत.

त्याआधी एक नियम, ज्याला अपवाद नाही. इशारा खोटा होता हे खोलीत जाऊन आजी-आजोबांना डोळ्यांनी पाहिल्यावरच ठरवायचं. आठवडाभर रोज दुपारी खोटा इशारा आला म्हणून आजचाही खोटाच असेल असं धरू नका. मे महिन्यात तर मुळीच नाही. अंग तापलेलं असेल, बोलणं असंबद्ध असेल किंवा हाकेला ओ येत नसेल तर लगेच १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत गार जागी हलवा, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. माणूस पडलेला असेल तर काखेत हात घालून ओढून उभं करू नका, खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. सेन्सर नंतर पाहता येतो.

लक्षण नीट ओळखा

‘सेन्सर बिघडला’ एवढ्यावर काही कळत नाही. नेमकं काय होतंय आणि किती वाजता होतंय ते आधी लिहून काढा.

सगळ्या खोल्या एकदम गप्प झाल्या असतील तर दोष सेन्सरांत नाही. गेटवे, राउटर, नेट किंवा रिचार्ज पाहा.

अ‍ॅपमध्ये नोंदी बरोबर आहेत पण फोन वाजलाच नाही, असं असेल तर दोष फोनमध्ये आहे.

लाईन जाऊन आल्यावर एक-दोन खोल्या ‘ऑफलाइन’ राहतात आणि बाकीच्या परत येतात, तेव्हा मधला दुवा तुटलेला असतो.

माणूस खोलीत वावरतोय, तरी ‘हालचाल नाही’ येतं, तेही दुपारी आणि एप्रिल ते जूनमध्येच, तर तो उन्हाचा परिणाम. हेच रात्री येत असेल तर आजोबा खोलीत आहेत की अंगणात खाट टाकून झोपले आहेत ते पाहा. उन्हाळ्यात खोलीबाहेर झोपणं आपल्याकडचा नेम आहे, पण सेन्सर बसवणाऱ्याने तो धरलेला नसतो.

खोली रिकामी आहे, तरी हालचाल दिसते. या लक्षणाची तक्रार कोणी करत नाही, कारण त्याने कोणाची झोपमोड होत नाही. धोका मात्र सगळ्यांत जास्त इथेच आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर.

१. फोन आणि रिचार्ज

गेटवे किंवा राउटरमध्ये सिमकार्ड असेल तर पॅकची मुदत पाहा. २८ दिवसांचा पॅक महिना संपायच्या आत संपतो आणि तारीख दर वेळी मागे सरकते, त्यामुळे ‘एक तारखेला रिचार्ज’ ही सवय इथे फसते. कार्यालयातल्या कॅलेंडरवर पुढची तारीख लाल पेनाने लिहा.

मग मदतनिसाचा फोन घ्या. अ‍ॅपला बॅटरी वापरण्याची पूर्ण मोकळीक आहे का, ऑटोस्टार्ट चालू आहे का, ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये या अ‍ॅपला सूट आहे का, ते पाहा. बऱ्याच स्वस्त फोनांत बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी अ‍ॅप आपोआप बंद केली जातात. फोन रात्री चार तास पडून राहिला की इशारा येतच नाही, आणि सकाळी स्क्रीन उघडताच सगळे एकदम येतात. असे साचलेले इशारे दिसले तर दोष इथेच आहे, पुढे जायची गरज नाही.

इशारा एकाच फोनवर ठेवू नका. किमान तीन जण हवेत, त्यातला एक रात्री आश्रमातच असणारा. गेटवेला जोडता येणारा साधा सायरन मिळत असेल तर तो अवश्य लावा, कारण त्याला नेट लागत नाही.

२. लाईन

राउटर लावलेला सॉकेट इन्व्हर्टरच्या लाईनवर आहे का? दिवे आणि पंखे इन्व्हर्टरवर, आणि राउटर मात्र साध्या बोर्डावर, असं फार ठिकाणी आढळतं. पुढच्या वेळी लाईन गेली की राउटरचे दिवे पाहा, एका नजरेत उत्तर मिळेल. आश्रम शेतात असेल आणि जोडणी शेतीच्या फीडरवर असेल तर लाईन ठरावीक तासच असते. तिथे बॅकअपशिवाय ही यंत्रणा चालूच शकत नाही.

राउटर इन्व्हर्टरवर असूनही लाईन जाताना बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल तर इन्व्हर्टरला बदल करायला लागणारा वेळ राउटरला सोसत नाही. इन्व्हर्टरच्या मागे ‘नॉर्मल’ आणि ‘यूपीएस’ असा खटका असतो. यूपीएसवर टाकला की बदल झटकन होतो. पण या स्थितीत इन्व्हर्टर कमी व्होल्टेज चालवून घेत नाही. गावात संध्याकाळी मोटरपंप सुरू होऊन व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की तो बॅटरीवर जातो, आणि खरी लाईन जाते तेव्हा बॅटरी रिकामी असते. म्हणून कमी व्होल्टेजच्या गावात खटका नॉर्मलवरच ठेवा आणि राउटर व गेटवेसाठी वेगळा छोटा डीसी यूपीएस घ्या. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे आकडे जुळवा: व्होल्ट तंतोतंत तेवढेच (१२ असेल तर १२, ९ असेल तर ९), अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनचं टोक आतून अधिक की उणे तेही तेच. ८ वॅटचा राउटर ३० वॅट-तासांच्या यूपीएसवर साधारण तीन तास चालतो. तुमच्याकडे लाईन सलग किती वेळ जाते ते पाहून माप ठरवा.

३. फडकं आणि टॉर्च

सेन्सरच्या पुढची दुधी रंगाची भिंगाची जाळी हा त्याचा डोळा. टॉर्च आडवा धरून पाहा. चुलीची काजळी, उदबत्तीचा थर, तूर किंवा सोयाबीन काढतानाची धूळ, कापूस वेचणीच्या दिवसांत तंतू, सगळं त्यावर बसतं. मऊ सुती फडकं साध्या पाण्यात बुडवून पिळा आणि पुसा. फिनाईल, थिनर, स्पिरिट नको, प्लास्टिक कायमचं धुरकट होतं.

दिवाळीआधी आश्रमाला रंग दिला असेल तर हीच तपासणी सगळ्यांत आधी करा. रंगारी सेन्सर काढत नाही, त्याच्यावरूनच ब्रश फिरवतो. रंगाचा पातळ थरही उष्णतेच्या किरणांना अडवतो. खरवडून भिंग पूर्ववत होत नाही. तो सेन्सर बदलावाच लागतो.

पावसाळ्यात कोळी आणि मुंग्या मागच्या भोकातून आत शिरतात. भिंगाला चिकटून चालणारा कोळी सेन्सरला माणसाएवढा मोठा दिसतो. मागची मोकळी भोकं सिलिकॉनने बुजवा. कीटकनाशकाचा फवारा भिंतीवर मारा, सेन्सरवर नाही. पालीवर इलाज अवघड आहे. ट्यूबलाईटजवळ पाखरं जमतात आणि पाखरांमागे पाल येते, म्हणून सेन्सर ट्यूबलाईटपासून चार-पाच फूट तरी दूर हवा.

४. बॅटरी

अ‍ॅपमधल्या टक्केवारीवर विसंबू नका. लिथियमच्या सेलचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं आणि मग एकदम कोसळतं. काल ४० टक्के दाखवणारा सेन्सर आज मेलेला असू शकतो. साधा मल्टिमीटर घ्या. नवा सीआर२४५० किंवा सीआर२०३२ सेल ३.० ते ३.२ व्होल्ट दाखवतो. २.८ च्या खाली असेल तर बदला. सेल काढून ठेवला की व्होल्टेज थोडं वर येतं, म्हणून काढल्या काढल्या मोजा.

सेन्सरमध्ये एएए सेल असतील तर रिचार्जेबल घालू नका. त्यांचं व्होल्टेज १.५ ऐवजी १.२ असतं, आणि सेन्सर पहिल्या दिवसापासूनच ‘बॅटरी कमी’ म्हणत राहतो.

बदलताना जुना सेल काढा, सेन्सरचं बटण दोन-तीनदा दाबा म्हणजे आत उरलेला चार्ज निघून जाईल, पत्र्याच्या पट्ट्यांवर हिरवट थर असेल तर खोडरबरने घासा, मग नवा सेल कडेने धरून बसवा. सुटा विकला जाणारा, तारीख नसलेला सेल घेऊ नका. बंद पाकिटातला सीआर२०३२ औषधाच्या दुकानातही मिळतो, कारण साखर तपासायच्या यंत्रात तोच लागतो. एकाच खोलीतला सेल दर दोन-तीन महिन्यांनी संपत असेल तर दोष सेलचा नसून सिग्नलचा असतो. गेटवेपर्यंत पोहोचत नसलेला सेन्सर पुन्हा पुन्हा प्रयत्न करून बॅटरी जाळतो. त्यासाठी आठवा मुद्दा पाहा.

जुने सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून लगेच कुलपात ठेवा. विसरभोळेपणाचा आजार असलेल्या माणसाने तो गोळी समजून गिळला तर अन्ननलिका काही तासांत भाजू शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

५. चालून पाहा, पण आजींच्या चालीने

चाचणी घेणारा तरणाताठा मदतनीस असतो. तो खोलीत ताडताड चालतो, लाल दिवा लुकलुकतो आणि सेन्सर ‘ठीक’ ठरतो. ही चाचणी काही सांगत नाही. पीआयआर सेन्सर उष्णतेतला बदल टिपतो आणि फार सावकाश झालेला बदल त्याच्यातून सुटतो. वॉकर धरून वीतभर पावलं टाकणाऱ्या आजी त्याला दिसतात का, हे तपासायचं आहे.

सेन्सर टेस्ट मोडवर टाका. तो मोड नसेल तर एकदा हालचाल टिपल्यावर बहुतेक बॅटरीवाले सेन्सर मिनिटभर किंवा जास्त वेळ आंधळे होतात, तेवढं थांबूनच पुढचं पाऊल टाका. खडूने जमिनीवर खुणा करा: खाटेची कड, खुर्ची, न्हाणीचं दार, पाण्याचा माठ. प्रत्येक खुणेवर दोन प्रकारे हला. एकदा सेन्सरच्या समोरून आडवं, एकदा थेट त्याच्या दिशेने. आडवी हालचाल तो चटकन पकडतो, सरळ अंगावर येणारी उशिरा. भिंगामुळे त्याच्यापुढची जागा पट्ट्यापट्ट्यांत विभागलेली असते आणि पट्टा ओलांडला की त्याला बदल जाणवतो. म्हणून सेन्सर अशा भिंतीवर हवा की खाटेपासून न्हाणीपर्यंतचा रस्ता त्याच्यासमोरून आडवा जाईल. उंची २ ते २.२ मीटर. खाटेपासून अंतर कागदावर ६-७ मीटर चालतं, आपल्याकडे ३ च्या आत ठेवा. कारण पुढे येईल.

खाटेवर मच्छरदाणी लावून आत झोपा आणि हात हलवा. दाट विणीची मच्छरदाणी आतली उष्णता बरीचशी अडवते. दिवसा गुंडाळून ठेवलेली मच्छरदाणी रात्री लागते, म्हणून हीच चाचणी रात्रीही करा. आणि सकाळी ६ ला जे दिसतं ते दुपारी २ ला दिसतं का, तेही पाहा.

६. कूलर, पडदा आणि खोटी हालचाल

आता ते धोक्याचं लक्षण. खिडकीला कूलर, कूलरसमोर पडदा किंवा दोरीवर वाळत घातलेलं लुगडं. वाऱ्याने कापड हलतं, गार हवेचा झोत मागेपुढे होतो आणि सेन्सरला सारखी हालचाल दिसते. यंत्रणा समजते की आजोबा खोलीत फिरताहेत. ते न्हाणीत पडले असले तरी इशारा जाणार नाही. खोट्या इशाऱ्याने फार तर एक फेरी वाया जाते. खोट्या हालचालीने पडलेला माणूस तासन्‌तास तसाच राहतो. दोन्हींत निवड करायची वेळ आली तर खोटा इशारा पत्करा.

चाचणी सोपी आहे आणि प्रत्येक खोलीत उन्हाळ्याच्या सुरुवातीला झालीच पाहिजे. खोलीतल्या माणसाला तासभर सपरीत बसवा, कूलर आणि पंखा नेहमीसारखा चालू ठेवा, दार लावा. तासाभराने नोंद पाहा. एकही हालचाल नको. एक जरी असेल तर कारण शोधा: पडदा बांधा, दोरी काढा, सेन्सर कूलरच्या झोतातून बाजूला घ्या, त्याचं तोंड पश्चिमेच्या खिडकीकडे असेल तर फिरवा. ढग येऊन गेले की उन्हाचा तुकडा जमिनीवर तापतो-निवतो, तेही सेन्सरला हालचालीसारखं दिसतं. मांजर येत असेल तर भिंगाच्या खालच्या पट्ट्या आतून कागदी चिकटपट्टीने झाका, पण त्यानंतर पाचव्या मुद्द्यातली चाचणी पुन्हा घ्या. जमिनीवर पडलेला माणूसही त्याच खालच्या पट्ट्यांत दिसत असतो.

कूलरजवळ काम करताना त्याचा प्लग काढा, नुसतं बटण बंद करू नका. ओल्या फरशीवर लोखंडी स्टूल ठेवून सेन्सरला हात घालणं म्हणजे जिवाशी खेळ. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात. कूलरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर सेन्सरचं काम तिथेच सोडा आणि वायरमनला बोलवा.

७. उन्हाळ्याची दुपार

ब्रह्मपुरी, चंद्रपूर, वर्धा, अकोला या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. सेन्सर बनवणाऱ्याने मात्र २०-२५ अंशांची खोली डोळ्यांसमोर ठेवलेली असते.

पीआयआर सेन्सर माणूस पाहत नाही. मागची भिंत आणि माणसाचं अंग यांच्या तापमानातला फरक सरकताना पाहतो. उघड्या त्वचेचं तापमान साधारण ३२ ते ३५ अंश असतं, कपड्याचं त्याहून कमी. जानेवारीत भिंत २० अंशांवर असते, तेव्हा फरक ठळक असतो. दुपारी कूलर लावलेल्या खोलीची भिंत ३३-३४ अंशांवर येते आणि माणूस भिंतीत मिसळून जातो. टिनाखालच्या, कूलर नसलेल्या खोलीत भिंत ४० च्या वर गेली तर माणूस भिंतीपेक्षा गार दिसतो आणि सेन्सर पुन्हा काम करू लागतो. म्हणून ‘गार खोलीतला सेन्सर बंद, तापलेल्या खोलीतला चालू’ असं उलटं चित्र दिसलं तर गोंधळू नका, ते बरोबरच आहे. डोक्यावर ओला दुपट्टा घेतलेला माणूस तर चेहऱ्याच्या तुकड्यापुरताच दिसतो.

खात्री करण्यासाठी कोरोनाकाळात घेतलेली कपाळाचं तापमान पाहायची बंदूक काढा. ती ‘सरफेस’ मोडवर टाका, कारण ‘बॉडी’ मोडवर ती फक्त अंगाच्या तापमानाच्या टप्प्यातलेच आकडे दाखवते. सेन्सरसमोरच्या भिंतीचं तापमान सकाळी ६, दुपारी १ आणि ४ वाजता घ्या. चकचकीत टिनावर धरू नका, आकडा चुकतो. रंगवलेल्या भिंतीवर धरा. भिंत ३२ ते ३७ च्या मध्ये असताना इशारे येत असतील तर निदान पक्कं झालं.

उपाय, स्वस्तापासून. पहिला, अंतर कमी करा. दोन-अडीच मीटरवरचा माणूस भिंगाचा मोठा भाग व्यापतो, त्यामुळे थोडा फरकही पुरतो. दुसरा, सेन्सर टिनाच्या किंवा कवेलूच्या छताजवळून खाली घ्या, वरची हवा खालच्यापेक्षा बरीच तापलेली असते. तिसरा, संवेदनशीलता एक पायरी वाढवा, पण मग सहाव्या मुद्द्यातली रिकाम्या खोलीची चाचणी पुन्हा घ्या. चौथा आणि सगळ्यांत भरवशाचा, उष्णतेवर अवलंबून नसलेला दुसरा सेन्सर जोडा. न्हाणीच्या दाराला चुंबकाचा संपर्क सेन्सर ३४ अंशांतही तेच सांगतो आणि ४६ अंशांतही तेच. तो बसवताना दार बंद असताना चुंबक आणि सेन्सरमधलं अंतर १० मिलिमीटरच्या आत ठेवा. लाकडी दार पावसाळ्यात फुगतं आणि नीट लागत नाही, तेव्हा हे अंतर वाढून दार कायम ‘उघडं’ दिसतं. लोखंडी चौकटीवर चुंबकाचा जोर कमी होतो, खाली अर्धा इंच लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी घाला. अंथरुणाखाली दाब ओळखणारी पट्टी हाही चांगला जोड आहे.

एक उपाय करू नका: इशाऱ्याची मुदत ३ तासांवरून ८ तासांवर नेणं. त्याने फोन शांत होतो आणि यंत्रणा निरुपयोगी होते. त्याऐवजी नियम जोडा: खोलीत हालचाल नाही, आणि न्हाणीचं दार हललं नाही, आणि बाहेरचं दार उघडलं नाही, तरच इशारा. रात्री बाहेर झोपणाऱ्यांसाठी बाहेरच्या दारावरही संपर्क सेन्सर लावा, म्हणजे ‘बाहेर गेले’ ही स्थिती यंत्रणेला कळेल. आणि एप्रिल ते जूनमध्ये १२ आणि ३ वाजता माणसाने फेरी मारायची. ती फेरी कोणत्याही सेन्सरने वाचत नाही.

रडारवर चालणारे सेन्सर श्वासाची हालचालही टिपतात, त्यांना उन्हाचा फरक पडत नाही. ते उपयोगी आहेत, पण छताचा पंखाही त्यांना माणूस वाटू शकतो आणि त्यांतल्या बहुतेकांना कायम लाईन लागते. बॅकअप नसलेल्या खोलीत त्यांच्यावर पैसा घालू नका.

८. लाईन आली, सेन्सर आला नाही

झिगबीवर (कमी बॅटरी खाणारा, वाय-फायसारखाच बिनतारी सिग्नल) चालणाऱ्या यंत्रणेत बॅटरीवाला सेन्सर थेट गेटवेशी बोलतोच असं नाही. मातीच्या जाड भिंती आणि टिनाचं छत असेल तर तो जवळच्या लाईनवर चालणाऱ्या स्मार्ट प्लगमार्फत बोलतो. लाईन गेली की प्लग मरतो आणि सेन्सर निराधार होतो. काही सेन्सर नवा दुवा लगेच शोधतात, काही तासन्‌तास शोधतच नाहीत.

चाचणी: प्लग अर्धा तास काढून ठेवा. ज्या खोल्या त्या वेळात गप्प होतात त्या त्याच्यावर टांगलेल्या आहेत. उपाय: असे प्लग इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या आणि त्यावर ‘काढू नका’ असं मोठ्या अक्षरांत लिहा. मोबाईल चार्ज करायला कोणीतरी ते काढतं, ही नेहमीची गोष्ट आहे.

परत न आलेल्या सेन्सरचं बटण एकदा हलकं दाबा. बहुतेक वेळा तेवढ्याने तो जागा होतो. नाही झाला तर पुन्हा जोडणी करा, पण सेन्सर कार्यालयात आणून नाही, त्याच्या खोलीतच. गेटवेशेजारी जोडलेला सेन्सर थेट गेटवेला धरतो आणि भिंतीवर गेला की पुन्हा तुटतो.

वाय-फाय आणि झिगबी दोन्ही २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात. राउटर ‘ऑटो’ चॅनलवर असेल तर प्रत्येक वेळी सुरू होताना तो चॅनल बदलू शकतो. लाईन आल्यावर कधी सगळं ठीक, कधी नाही, या लहरीपणाचं हे कारण असतं. वाय-फाय चॅनल १ वर पक्कं करा. झिगबी २० किंवा २५ वर असेल तर दोघांची टक्कर होत नाही. झिगबीचा चॅनल बदलायला जाऊ नका, अनेक गेटवेंवर सगळे सेन्सर पुन्हा जोडावे लागतात. गेटवे आणि राउटर एकमेकांवर ठेवलेले असतील तर तीन फूट लांब करा.

जाता जाता गेटवेचं घड्याळ पाहा. लाईन बराच वेळ जाऊन आल्यावर नेट येण्याआधी गेटवे सुरू झाला तर काहींचं घड्याळ चुकतं आणि रात्रीचा नियम दुपारी चालू होतो. नेट आल्यावर एकदा बंद-चालू केल्याने वेळ जुळते.

इथे थांबा

पुढच्या कोणत्याही गोष्टीत स्वतः हात घालू नका, परवानाधारक वायरमन बोलवा: सॉकेट किंवा अडॅप्टरला जळका वास, कूलर वा नळाला शॉक, एकामागून एक अडॅप्टर जळणं, इन्व्हर्टरच्या बॅटरीला फुगवटा किंवा उग्र वास, राउटरसाठी इन्व्हर्टरची नवी लाईन ओढणं. वायरमन आलाच आहे तर अर्थिंग तपासून घ्या आणि खोल्यांच्या लाईनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच लाईन तोडणारा खटका) आहे का ते विचारा. नसेल तर बसवून घ्या. सेन्सरपेक्षा तो आधी हवा.

वीज कडाडल्यानंतर गेटवे आणि दोन-तीन प्लग एकदम गेले असतील तर एकेक बदलत बसू नका. यंत्रणा बसवणाऱ्याला बोलवा, नाहीतर पुढच्या गडगडाटात नवेही जातील. वरची सगळी तपासणी करूनही एकाच खोलीचा सेन्सर आठवड्यातून दोनदा पडत असेल तर दुसऱ्या खोलीतल्या चांगल्या सेन्सरशी अदलाबदल करा. बिघाड सेन्सरबरोबर गेला तर सेन्सर बदला. खोलीतच राहिला तर दोष जागेचा किंवा सिग्नलचा आहे, तंत्रज्ञाला तसं सांगा, त्याचा अर्धा दिवस वाचेल.

आणि एक वेगळीच स्थिती: यंत्रणा ठणठणीत आहे, पण नोंद बदलली आहे. रात्री दोनदा न्हाणीत जाणाऱ्या आजी आठवडाभर सहा वेळा जाताहेत, किंवा सकाळी उठणारे आजोबा दुपारपर्यंत खाट सोडत नाहीत. इथे तंत्रज्ञाचं काम नाही. नोंदीचा कागद घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि डॉक्टरांना दाखवा.

दुरुस्ती होईपर्यंत त्या खोलीच्या दारावर वही टांगा. दिवसा दर दोन तासांनी, रात्री ११, २ आणि ५ वाजता फेरी, आणि प्रत्येक फेरीला वेळ, सही आणि एक ओळ: जागे होते की झोपलेले, पाणी प्यायले का.